बिनधुराच्या मिरच्या

ल्युबेन ताश्कोवने आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केली नाही, असं त्याची बायको सांगायची. दुश्मनाने सांगितलं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. बाथरूमच्या फरशा खांद्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. बाल्कनीला दीड बाजूने काच होती, उरलेल्या दीड बाजूने दानुब नदीचा वारा. तळघरात एक मोटरसायकल सुटी करून ठेवलेली, ती इतकी वर्षं सुटी होती की पोरांना वाटायचं मोटरसायकली अशाच विकत मिळतात, डब्यांतून. दानुबकाठच्या आमच्या स्विश्तोव गावातल्या त्या इमारतीत, बी विंगमध्ये, कुणाचं काम रखडलं की लोक सरळ म्हणायचे, "ह्याचा ल्युबेन झाला."

आणि हा माणूस तंत्रशाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. शिकवायचा झकास. पण धडा संपायच्या आत घंटा व्हायची.

तर झालं असं की सरकारी योजनेत इमारतीला बाहेरून थर्माकोल लावून मिळाला. हिवाळ्यात घर गरम राहणार म्हणून सगळे खूश. मग सप्टेंबर आला. सप्टेंबरात आमच्याकडे प्रत्येक घर पोत्यांनी लाल ढोबळ्या मिरच्या आणतं, बाल्कनीत भाजतं, सोलतं आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरतं. सप्टेंबरात गावावर धूर दिसला नाही तर समजावं, गाव सोडून सगळे पळालेत. आणि पहिल्याच रविवारी सेक्रेटरी गेनाडी पेलोवने जिन्यात कागद चिकटवला: बाल्कनीत मिरच्या भाजण्यास सक्त मनाई, थर्माकोल वितळतो.

वितळतो हे त्याला कसं कळलं? तर त्याच्याच बाल्कनीच्या भिंतीला परातीएवढं भोक पडलं होतं. त्यावर त्याने झेंडा लावून ठेवला होता. गेनाडीला सगळे मेजरसाहेब म्हणायचे. लष्करात तो हवालदार होता, पण रिटायर झाल्यावर शेजाऱ्यांनी बढती दिली.

आता सगळ्या विंगने मिरच्या भाजायच्या कुठे, तर इमारतीच्या मागे, अर्ध्या कापलेल्या एका पिंपावर. तिथे रांग लागायची. रांगेवर राज्य चौथ्या मजल्यावरच्या त्सोन्कामावशीचं. ल्युबेनची बायको झ्लात्का औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना रांगेत उभं करायची तिला सवय. स्वतः उभं राहायची नव्हती. दुसऱ्याच दिवशी दोघींचं वाजलं.

"माझा नंबर होता, मावशी."

"नंबर तुझा होता गं, पण तू कुठे होतीस?"

"दुकानात होते. तुमच्याच ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढत होते."

"मग गोळ्या भाज की."

झ्लात्का कच्च्या मिरच्यांचं पोतं घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध आपटलं. ल्युबेन पेपर तपासत होता. पोत्याकडे न बघता तो म्हणाला, "मी बिनधुराचं भाजणयंत्र बनवतो. बाल्कनीतच. थर्माकोलला चटका नाही, मेजरच्या नाकाला वास नाही."

झ्लात्काने बाथरूमचं दार उघडलं आणि फरशांकडे बघितलं. मग म्हणाली, "बनव. अर्ध्या भाजलेल्या, अर्ध्या कच्च्या खाऊ."

हे त्याला लागलं. ल्युबेन तसा शांत, पण एकदा तापला की त्याला दार आपटायला लागायचं. तो तरातरा बाल्कनीत गेला आणि दार आपटलं. ह्या दाराला बाहेरून मूठ बसवायची राहिली होती, हे दार आपटल्यावर आठवलं. झ्लात्का तोवर बहिणीकडे निघून गेली होती. दुपारभर तो दीड बाजूच्या काचेत बसला, आणि वरून त्सोन्कामावशी बोलत राहिली.

"काय रे, हवा खातोस?"

"विचार करतोय, मावशी. यंत्राचा."

"ओला टॉवेल गुंडाळ त्याला. धूर टॉवेलात मुरतो."

"मुरत नाही."

"तुला काय माहीत, तू भौतिकशास्त्र शिकवतोस. मी मिरच्या भाजते."

खाली मेजरसाहेब आला. त्याने लष्करातले गॅसचे मुखवटे सुचवले, यंत्राला नाही, शेजाऱ्यांना. पहिल्या मजल्यावरच्या कुणीतरी सांगितलं, लिफ्टच्या खड्ड्यात भाज, धूर वरच्यावर जातो. लिफ्टचा मेंटेनन्स न भरणारी माणसं लिफ्टबद्दल नेहमीच उदार असतात. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी, दुसरं काही करता येत नसल्यामुळे, ल्युबेनला यंत्र सुचलं. जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम, त्यात मिरच्या फिरणार, गरम हवा आत, आणि धूर नळीतून पाण्याच्या टाकीत. झ्लात्का आली तेव्हा तो भिंतीवर खडूने आकृती काढत होता. भिंत ह्याच वर्षी रंगवलेली होती. म्हणजे तीही अर्धीच, पण काढली रंगवलेल्या बाजूला.

आता हे यंत्रही मोटरसायकलीच्या शेजारी डब्यांत गेलं असतं. पण तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिकेने शिक्षकांना बोलावलं. दानुबकाठच्या देशांनी मिळून एक निधी काढला होता, नवनव्या शोधांसाठी. तीन देशांतल्या तीन संस्थांनी एकत्र येऊन अर्ज करायचा, निधी पैसे देणार. वरून आदेश होता की प्रत्येक शाळेने काहीतरी पाठवावं. "कुणाकडे काही कल्पना?" मुख्याध्यापिकेने विचारलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ल्युबेनही बघणार होता, पण त्याच्या बाहीला खडू लागलेला होता आणि तिला तो दिसला.

असा आमचा ल्युबेन आंतरराष्ट्रीय झाला.

अर्ज म्हणजे एवढा जाडजूड. पहिला प्रश्न, प्रकल्पाचं नाव. ल्युबेनने जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं: "दानुब खोऱ्यातील घरगुती फळभाज्यांच्या उष्णप्रक्रियेसाठी शून्य-उत्सर्जन प्रणाली."

त्सोन्कामावशी मीठ मागायला आली होती आणि मीठ मिळून बराच वेळ झाला होता. "म्हणजे मिरच्या?"

"म्हणजे मिरच्या."

"मग मिरच्या लिही ना."

"मिरच्या लिहिलं तर कोण देणार आहे, मावशी?"

मावशीला पटलं. इतकं पटलं की पुढच्या आठवड्यात तिने पेन्शन कचेरीत गुडघेदुखीच्या जागी 'खालच्या भागातील उष्णप्रक्रिया' असं लिहून दिलं आणि तिला भलत्याच डॉक्टरकडे पाठवलं.

पुढचा प्रश्न, ह्या प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल. ल्युबेनने लिहिलं, बायको माझ्याशी बोलेल. मग ते खोडलं. झ्लात्काने सांगितलेलं लिहिलं, "शेजाऱ्यांमधील संबंध सुधारतील." तेव्हा ती आणि मावशी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

मग भागीदार. पहिला सापडायला सोपा. नदीच्या पलीकडे, रोमानियात, एक कृषी संस्था होती. तिची चिमणी ल्युबेनच्या बाल्कनीतून दिसायची. तिथला एक प्राध्यापक तयार झाला. दोघे नदीतल्या फेरीबोटीवर भेटले, कारण कुणी कुणाकडे जायचं हा मानाचा प्रश्न झाला होता. बोट मधोमध आली तेव्हा सह्या झाल्या. दुसरा भागीदार अस्पारुहने आणला. हा अस्पारुह म्हणजे आमची शुक्रवारची बस. गावातली तरुण पोरं सगळी नदीने वर गेलेली: बुडापेस्ट, ब्रातिस्लावा, व्हिएन्ना, लिंझ. अस्पारुह दर शुक्रवारी मिनीबस घेऊन निघतो. प्रवासी चार, बरण्या चारशे. ब्रातिस्लावात त्याच्या ओळखीचा एक लोणची-मुरंब्यांचा कारखानदार होता. त्याला अस्पारुहने विचारलं, तो हो म्हणाला. कशाला हो म्हणाला हे त्याला दोन महिन्यांनी कळलं, तोवर त्याची सही झाली होती.

निधीची भाषा इंग्रजी. तिघांनाही इंग्रजी येत नव्हतं. पण तिघंही अशा वयाचे की शाळेत जबरदस्तीने रशियन शिकलेले, आणि तिघांनीही आयुष्यात परत तोंडातून काढायचं नाही अशी शपथ घेतलेली. ती शपथ मोडून बैठका झाल्या. धोक्यांच्या तक्त्यात ल्युबेनने लिहिलं, "आग." रोमानियन प्राध्यापकाने परत पाठवलं. त्याचं म्हणणं, असला शब्द वाचून माणूस घाबरतो. शेवटी लिहिलं, "तापमानाचं अनियोजित वर्तन."

अर्ज मंजूर झाला.

मी काय सांगू, बी विंग कशी चालायला लागली. मेजरसाहेबाने जिना धुवून घेतला. दुकानात झ्लात्का लोकांना गोळ्या देताना म्हणायची, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आणि आमच्या ह्यांचा प्रकल्प मंजूर झालाय." ए विंगच्या बाया, ज्या वर्षानुवर्षं आमच्याकडे बघून नाक मुरडायच्या, त्या आता पिंपाजवळ येऊन विचारायच्या, खरंय का, तीन देश? खरंय, आम्ही म्हणायचो, जास्तच मिळत होते, आम्ही तीनच घेतले.

मग पाटी आली. नियम असा होता की जिथे संशोधन चालतं तिथे निधीचं चिन्ह असलेली पाटी लावायची, लांबून दिसेल अशी. संशोधन चालतं बाल्कनीत. पाटी आली दरवाजाएवढी. मेजरसाहेबाने इमारतीच्या नियमांवर बोट ठेवलं, ल्युबेनने निधीच्या नियमांवर. निधीचे तीन देश, मेजरची एक विंग. पाटी बाल्कनीवर टांगली. त्यामुळे काच नसलेली दीड बाजू एकदाची बंद झाली, पण झ्लात्काला नदी दिसेना. वर दोरीवर वाळत घातलेल्या मावशीच्या चादरी तीन देशांच्या नावांवर लोंबायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, इमारतीला पैसे मिळालेत. रोज कुणीतरी बेल वाजवायचं, लिफ्ट कधी दुरुस्त होणार. ल्युबेन सांगून सांगून दमला की साहेब, हे मिरच्यांचं आहे. एकाने त्याला तोंडावर विचारलं, "मिरच्यांना तीन देश लागतात, आणि लिफ्टला एक मिळत नाही?" लिफ्ट तेव्हा चालत नव्हती. आजही नाही.

पण यंत्र झालं.

हे सांगताना मला अजून बरं वाटतं, म्हणून परत सांगते. यंत्र झालं. झ्लात्काला दिलेला शब्द पुढे ढकलता यायचा, पण दर तीन महिन्यांनी ब्रातिस्लावाचा कारखानदार आणि पलीकडचा प्राध्यापक मोडक्या रशियनमध्ये विचारायचे, "कॉम्रेड, ड्रम फिरतो का?" आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटायची. पंखा उलटा बसला, त्याने सगळा धूर झ्लात्काच्या कपाटात नेला. तो सुलटा झाला. टाकी गळून खालच्या मजल्यावर काळं पाणी गेलं, तिथल्या माणसाने ती बादली उचलून वर आणली आणि ल्युबेनच्या पायावर रिकामी केली. टाकी पुन्हा झाळून घेतली. पुढच्या सप्टेंबरात, बाकी सगळं गाव धुरात असताना, ल्युबेनच्या बाल्कनीत ड्रम फिरायला लागला.

थोड्या वेळाने त्सोन्कामावशीचं डोकं वरच्या कठड्यावरून खाली आलं. तिने हवा हुंगली. "चालू कधी करणार आहेस?"

"मावशी, तिसरी खेप चाललीय."

मावशीचं डोकं तसंच लटकत राहिलं. मग आत गेलं. तासाभरात ती स्वतःचं पोतं घेऊन दारात. रांगेत नव्हे, पहिली. तिच्यामागे सगळी विंग. मेजरसाहेब शेवटी आला, टोपलीवर वर्तमानपत्र टाकून, जणू त्यात दुसरंच काही आहे.

आता निधीची शेवटची अट. यंत्रातून निघालेल्या मिरच्यांच्या चाळीस बरण्या भरायच्या, नंबर घालायचे, आणि पूर्ण हिवाळा तळघरात हात न लावता ठेवायच्या. एप्रिलमध्ये निधीची बाई येणार, बरण्या उघडणार, रंग बघणार, चव बघणार, नमुने प्रयोगशाळेत नेणार. टिकल्या असतील तर प्रकल्प पूर्ण. नसतील तर तिच्या कागदावर एक शब्द लिहिला जाणार: अपूर्ण. तिन्ही देशांच्या कागदांवर, तीन भाषांत. ल्युबेन तो शब्द दिसला की कागद उलटा ठेवायचा. आतापर्यंत तो शब्द फक्त बायकोला माहीत होता आणि विंगेला. आता तो वर लिंझपर्यंत जाणार होता.

म्हणून त्याने नंबर घातलेल्या चाळीस चिठ्ठ्या चिकटवल्या, झाकणांवर खिळ्याने नंबर कोरले, बरण्या तळघरातल्या जाळीच्या कपाटात रांगेने लावल्या, आणि कुलूप घातलं. किल्ली झ्लात्काकडे दिली, कारण स्वतःकडच्या किल्ल्या त्याला सापडत नसत. दुसरी किल्ली नियमाप्रमाणे सेक्रेटरीकडे.

हिवाळा गेला. एप्रिल आला. आदल्या दिवशी ल्युबेन खाली जाऊन मोजून आला. तळघरातला दिवा मेजरसाहेबाच्या काटकसरीत गेला होता, पण चाचपडून मोजल्या, चाळीस. एक कमी नाही. तो वर आला तेव्हा जिना शीळ घालत चढला.

डॉक्टर येला क्लुचारोव्हा ब्रातिस्लावाहून आली. उंच, केस आखूड, बूट चिखलाचे, हातात जाड पिशवी. तिलाही रशियन शाळेतलंच. मुख्याध्यापिकेने भाषणासाठी मजकूर आणला होता, पण त्सोन्कामावशी स्वागताचा पाव आणि मीठ घेऊन मध्ये आली, आणि आमच्याकडे पाव-मिठापुढे कुणाचं चालत नाही. डॉक्टरबाईने पाव तोडला, खाल्ला. मेजरसाहेबाने छातीवर पदकं लावली होती. त्यातलं एक मासेमारीचं होतं.

ल्युबेनच्या बैठकीत टेबलावर पांढरी चादर. विंगची सगळी माणसं भिंतीला चिकटून. मेजरसाहेब आणि अस्पारुहने बरण्या खालून उजेडात आणल्या आणि मांडल्या.

उजेडात आल्यावर ल्युबेनला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. नंबर एक लाल होती. नंबर दोन हिरवी होती. नंबर तीन पिवळी.

डॉक्टरबाईने चष्मा लावला. नंबर एक उघडली. टोमॅटो. नंबर दोन उघडली. काकड्या. नंबर तीनमध्ये चमचा घातला, तोंडात घेतला, आणि अगदी गंभीरपणे, वहीत टिपून घेत विचारलं, "प्रक्रियेनंतर मिरचीला नासपतीची चव येते?"

"ते क्विन्सचं फळ आहे," त्सोन्कामावशी म्हणाली. "माझ्या बहिणीच्या झाडाचं. लवंग एकच घातलीय."

ल्युबेनने झ्लात्काकडे बघितलं. झ्लात्काने छताकडे.

"झ्लात्का, माझ्या मिरच्या कुठे आहेत?"

"तू चिडू नकोस. नोव्हेंबरात मी भाच्याला बुडापेस्टला पिशवी पाठवत होते. अस्पारुह खाली हॉर्न वाजवत होता. पिशवीत एक बरणीएवढी जागा रिकामी राहत होती." ती थांबली. "रिकामी जागा पाठवायची का पोराला? पण मी काही तुझं कपाट रिकामं ठेवलं नाही. माझ्या सगळ्यात चांगल्या काकड्या ठेवल्या. चिठ्ठीसुद्धा किटलीच्या वाफेवर सोडवून ह्या बरणीला लावली, नंबर बदलू दिला नाही."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

मग एकेकजण बोलायला लागला. किल्ली कुणी झ्लात्काकडे मागितली होती, कुणी मेजरसाहेबाकडे. कुणालाही लाज नव्हती, उलट प्रत्येकजण सांगत होता की त्याने बदल्यात काय दिलं. एकाने मधातली अक्रोडं ठेवली होती. एकीने तिच्या हातचा कोबी. मेजरसाहेबाने चार नेल्या होत्या, स्वतःच्या किल्लीने, आणि चार परत ठेवल्या होत्या. "बरणीला बरणी," तो म्हणाला. "माझ्या कारभारात एक बरणी इकडची तिकडे होत नाही."

"सगळ्याच इकडच्या तिकडे झाल्यात," ल्युबेन म्हणाला. त्याचा आवाज चढत होता. दार आपटायला हवं होतं, पण दारात मुख्याध्यापिका उभी होती. "ते संशोधन होतं. तुम्हाला कळतं का संशोधन म्हणजे काय? मी एकदा, आयुष्यात एकदा एक गोष्ट शेवटपर्यंत नेली, आणि तुम्ही ती बसमध्ये घालून पाठवलीत."

"अरे मग," त्सोन्कामावशी तितक्याच आवाजात म्हणाली, "चांगली होती म्हणूनच पाठवली ना. वाईट असती तर कुणी हात लावला असता का? पोटच्या पोरांना पाठवलीय आम्ही, शत्रूला नाही. तुझ्या मोटरसायकलीचा एक स्क्रू तरी पाठवला का कुणी कुठे?"

डॉक्टरबाईचं पेन थांबलं होतं. तिने पिशवीतून कागद काढला, त्यावर छापलेले दोन शब्द होते, पूर्ण आणि अपूर्ण, आणि त्यातला एक खोडायचा होता. ल्युबेनला तो कागद उलटा दिसत होता, तरी वाचता आला.

"माझ्यासमोर एक बरणी पाहिजे," ती सावकाश रशियनमध्ये म्हणाली. "ह्या यंत्राची. न उघडलेली. एक जरी असली तर मी तिच्यावरून काहीतरी लिहू शकते. काहीच नसेल तर माझा नाइलाज आहे."

मग जे झालं ते बघायला पाहिजे होतं. सगळ्या विंगने एकाच वेळी फोन काढले. बैठकीत, स्वयंपाकघरात, जिन्यात, बाथरूममध्ये अर्ध्या फरशांना टेकून माणसं ओरडत होती. "उघडलीस? कधी? पहिल्याच दिवशी?" "बसस्टँडवर? हाताने?" "सासूला दिलीस? आपली बरणी सासूला?" मेजरसाहेबाचा मुलगा व्हिएन्नात होता, त्याने चारही बरण्या साथीदारांबरोबर एका बैठकीत संपवल्या होत्या. मेजर त्याला झापत होता आणि मध्येच फोन झाकून आम्हाला अभिमानाने सांगत होता, "ऑस्ट्रियन माणसांनी तळ चाटून खाल्ला." झ्लात्काचा भाचा म्हणाला, कसल्या मिरच्या, त्या तर स्वप्नात येतात. झ्लात्का फोन ठेवून रडायच्या बेतात होती. अस्पारुहने सरळ सांगितलं, काही बरण्या लिंझपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि त्याबद्दल त्याला पुढे काही विचारू नये.

ल्युबेन टेबलाशी बसून होता. समोर क्विन्स, काकड्या, अक्रोडं. माणसाला इतक्या प्रेमाने कुणी बुडवलं नसेल.

शेवटी त्सोन्कामावशीचा फोन लागला. मुलगी, दाफिना, लिंझमध्ये हॉस्पिटलात काम करायची. नुकती ड्यूटीवरून आलेली, कोट अंगात तसाच. मावशीने फोन चादरीवर उभा केला.

"दाफे, ती मिरच्यांची बरणी. आहे का संपवलीस?"

"आहे," दाफिना म्हणाली. "कपाटात आहे. का?"

"का नाही उघडलीस?"

"उघडली की संपते ना, आई. मी नुसती कपाट उघडून बघते कधीकधी."

मावशीने नाक ओढलं. हे तिचं नेहमीचं नाही. "आण. आणि आता उघड. सरकारी काम आहे."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून फोनसमोर आली. दाफिनाने झाकण कॅमेऱ्यापुढे धरलं. खिळ्याने कोरलेला आकडा स्पष्ट दिसत होता, ल्युबेनचा तिरका सात. डॉक्टरबाईने तो टिपून घेतला. झाकण फिरलं आणि आत शिरणाऱ्या हवेचा तो आवाज आला, पुक. आमच्या बैठकीत लिंझची बरणी उघडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ल्युबेनने टेबलाची कड धरली होती.

दाफिनाने काट्यावर एक मिरची उचलली. लाल, सबंध, कुठे काळं नाही. तिने ती उजेडात धरली, पाणी निथळू दिलं, तोंडात घातली. चावत राहिली. मग तिने दुसरी घेतली. मग फोनकडे बघायचं सोडून तिसरी घेतली, आणि डॉक्टरबाईला ओरडावं लागलं की पुरे, उरलेल्या राहू दे, उरलेल्या मला पाहिजेत, मी परवा लिंझला आहे, झाकण लाव.

"कशी आहे?" झ्लात्काने विचारलं.

"घरासारखी," दाफिना तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "पण आई, ही पिंपावरची नाही. हिला नुसती मिरचीचीच चव आहे. कुणी भाजली?"

डॉक्टरबाईने कागद पुढे ओढला. म्हणाली, प्रयोगशाळेचं प्रयोगशाळेत बघू, पण इथे प्रश्न असा आहे की तीन देशांतल्या सामान्य माणसांनी हे स्वीकारलं का, तर त्यांनी ते कपाटाला कुलूप असतानाही स्वीकारलेलं दिसतं. आणि तिने त्या दोनातला एक शब्द खोडला, दोन रेघांनी.

त्सोन्कामावशीला ते बघायला वेळ नव्हता. तिने फोन उचलून हातात धरला होता, आणि सगळी विंग ऐकत असताना, ए विंगलाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "कुणी म्हणजे? आपल्या ल्युबेनने. यंत्र केलंय त्याने. हो, हाच ल्युबेन. हो गं, पूर्ण केलंय. नाही, मी काही घेतलेलं नाही, ताप पण नाही मला. पूर्ण."

सगळे ल्युबेनकडे वळले. तो उठून खिडकीपाशी गेला होता आणि पाटीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून उभा होता. झ्लात्काने विचारलं, काय झालं रे. तो म्हणाला, काही नाही, डोळ्यांत धूर गेला.

त्या खोलीत धूर नव्हता, आणि हे तर त्याचंच संशोधन होतं.